घड्याळाची तबकडी: आधी ओळखावी, मगच चावी ओढावी

आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाने किंवा जहाजावरून उतरलेल्या काकांनी दिलेले मनगटी घड्याळ गोव्यातल्या घरी पोहोचते, तेव्हा त्याचा खोका आणि माहितीपुस्तिका बहुधा वाटेतच कुठेतरी राहिलेली असते. मग तक्रारी सुरू होतात. तारीख भर दुपारी बदलते, मधला लांब सेकंद काटा मेल्यासारखा बारावर उभा राहतो, किंवा उजवीकडची छोटी तबकडी दुबईची वेळ दाखवते असे समजून कोणी भलत्याच वेळी फोन लावतो. यांपैकी बहुतेक घड्याळे बिघडलेली नसतात. कोणता काटा कोणत्या काट्याबरोबर फिरतो हे न पाहताच चावी ओढलेली असते, एवढेच. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नये. विशेषतः दुसरा टप्पा सोडून चौथ्यावर उडी मारू नये.

पूर्वतयारी

घड्याळ मनगटावरून काढून मऊ कापडावर ठेवावे. हातात बांधलेले असताना चावी ओढली की ती तिरकी ओढली जाते आणि तिच्या दांड्यावर ताण येतो. भिंग, कागद-पेन आणि वेळ जुळवण्यासाठी मोबाइल जवळ असावा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणि सारखा घाम येणाऱ्यांनी चावीच्या मुळाशी साचलेला खारट मळ आधी किंचित ओलसर कापडाने पुसून घ्यावा. तो तसाच राहिला तर चावी फिरवताना आत ओढला जातो.

यानंतर चावीचा प्रकार पाहावा. काही घड्याळांत, मुख्यतः पाण्यात वापरायच्या घड्याळांत, चावी आट्यांवर बसवलेली असते. ती ओढून निघत नाही; आधी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून सोडवावी लागते. साधी चावी ओढली की एक किंवा दोन स्पष्ट टप्प्यांत बाहेर येते.

सावधान: चावी ओढल्यावर अडली तर जोर लावू नये. आट्यांची चावी जोराने ओढल्यास दांडा तुटतो.

टप्पा १: वेळ कशाने दाखवली जाते ते ठरवावे

काट्यांचे घड्याळ, अंकांचा पडदा आणि दोन्हींचे मिश्रण असे तीन ढोबळ प्रकार आहेत. काट्यांच्या घड्याळात सेकंद काट्याची चाल पाहावी. तो दर सेकंदाला एक ठसठशीत उडी घेत असेल, तर घड्याळ सेलवर चालणारे क्वार्ट्झ असण्याची दाट शक्यता आहे. तो सरकत गेल्यासारखा दिसत असेल, तर ते बहुधा चावीचे किंवा हाताच्या हालचालीने आपोआप भरणारे आहे.

क्वार्ट्झचा सेकंद काटा अचानक दोन-दोन सेकंदांच्या उड्या घेऊ लागला, तर बहुतेक घड्याळांत ती सेल संपत आल्याची सूचना असते. सूर्यप्रकाशावर चालणारे घड्याळ असेच करू लागले, तर ते उजेडात ठेवून भरावे लागते.

मिश्र घड्याळांत काटे आणि पडदा यांची वेळ बऱ्याचदा वेगवेगळी लावावी लागते. पडद्यावरची वेळ बदलली म्हणजे काटेही बदलतीलच असे धरून चालू नये.

टप्पा २: प्रत्येक काटा कशाशी जोडलेला आहे ते शोधावे

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि तोच बहुतेकजण गाळतात. कागदावर तबकडीचा गोल काढून दिसणारा प्रत्येक काटा आणि प्रत्येक खिडकी त्यात मांडावी. रात्री नऊ ते पहाटे तीन ही वेळ टाळून चावी शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढावी, काटे सावकाश पुढे फिरवावेत आणि काय काय हलते ते टिपावे.

उदाहरणादाखल सहज मिळणारे तीन छोट्या तबकड्यांचे क्वार्ट्झ घड्याळ घेऊ. काटे फिरवताना तीनच्या बाजूच्या तबकडीतला काटा तास काट्याच्या निम्म्या वेगाने सरकतो आणि त्याखाली २४ पर्यंतचे आकडे आहेत. हा काटा मुख्य वेळच २४ तासांच्या मोजणीत दाखवतो. तो वेगळा लावता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या देशाशी त्याचा काहीही संबंध नाही. सकाळ की संध्याकाळ एवढेच तो सांगतो, आणि तारीख लावताना नेमके तेच उपयोगी पडते. सहाच्या बाजूचा काटा चावी आत असताना सतत फिरतो. हा खरा सेकंद काटा. नऊच्या बाजूचा काटा आणि मधला लांब काटा स्थिर आहेत, कारण ते स्टॉपवॉचचे आहेत आणि बटण दाबल्याशिवाय हलणार नाहीत. मधला काटा थांबलेला दिसला म्हणून सेल बदलायला निघालेल्यांनी आधी छोट्या तबकडीकडे पाहावे.

मांडणी प्रत्येक घड्याळात अशीच असेल असे नाही. म्हणून पाठ करण्यापेक्षा फिरवून पाहणे बरे.

तपासणी: कागदावरच्या प्रत्येक काट्यापुढे ‘मुख्य वेळेबरोबर फिरतो’, ‘स्वतंत्र लागतो’ किंवा ‘बटणावर चालतो’ यांपैकी एक नोंद झाली का? एखादा काटा कोरा राहिला असेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ३: मुख्य वेळ वाचणे

आकडे असलेल्या तबकडीत फारसा प्रश्न येत नाही. रोमन अंकांच्या तबकडीवर चारचा आकडा बहुधा चार उभ्या रेघांनी लिहिलेला असतो. ती छपाईची चूक नव्हे. आकडे नसलेल्या, नुसत्या रेघांच्या तबकडीत दुहेरी रेघ किंवा त्रिकोण म्हणजे बारा, हे आधी पक्के करावे.

तबकडी तिरकी धरून वाचली की काटा आणि त्याखालची खूण यांत फरक पडतो, म्हणून मिनिटे वाचताना नजर सरळ वरून असावी. काही तबकड्यांत तासाचा काटा एका छोट्या वर्तुळात असतो आणि मध्यभागी फक्त मिनिट काटा असतो. अशा घड्याळावर दोन काट्यांमधला कोन पाहून वेळ ओळखण्याची सवय उपयोगाची नाही. तास आणि मिनिटे वेगवेगळी वाचावीत. तास खिडकीत अंकाने उमटत असेल, तर तास भरताना तो आकडा अर्धवट सरकलेला दिसू शकतो. अशा वेळी मिनिट काट्यावर विश्वास ठेवावा.

टप्पा ४: तारीख आणि वार लावणे

बहुतेक घड्याळांत तारखेची चकती रात्री साधारण नऊपासून पहाटे तीनपर्यंत आतल्या दात्याशी गुंतलेली असते. या वेळात चावी पहिल्या टप्प्यावर ओढून तारीख झटपट फिरवली, तर तो दाता झिजतो किंवा तुटतो. नंतर तारीख दोन आकड्यांच्या मधे अडकते. इथे महत्त्व घड्याळाने दाखवलेल्या वेळेला आहे, बाहेर दिवस आहे की रात्र याला नाही. बंद पडलेले घड्याळ पावणेबारावर थांबले असेल, तर भर दुपारीही तारखेला हात लावणे धोक्याचेच.

म्हणून पुढील क्रमाने जावे.

१. चावी शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढून काटे पुढे फिरवत राहावे. तारीख ज्या बाराला उडी घेते ती मध्यरात्र. आता सकाळ-संध्याकाळचा घोळ उरत नाही.

२. तसेच पुढे जाऊन काटे सकाळच्या साडेसहावर आणावेत. तारखेचा दाता इथे मोकळा असतो.

३. चावी पहिल्या टप्प्यावर आत ढकलून तारीख कालची लावावी. आजची नव्हे.

४. चावी पुन्हा शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढून काटे पुढे न्यावेत. मध्यरात्र ओलांडली की आजची तारीख आपोआप येईल.

५. तिथून आताच्या वेळेपर्यंत यावे. दुपार उलटून गेली असेल तर बारा आणखी एकदा ओलांडावे लागतील.

समजा आज १९ डिसेंबर आहे आणि दुपारचे ४ वाजून २० मिनिटे झाली आहेत. तारीख १८ लावून काटे पुढे न्यावेत. मध्यरात्री १९ दिसेल, त्यानंतर पहाटेचे ४.२० येतील. तिथे न थांबता दुपारचे बारा ओलांडून पुढच्या ४.२० वर थांबावे. पहाटेच्या ४.२० वरच थांबणाऱ्यांची तारीख रोज दुपारी बारा वाजता बदलते.

मिनिटे अचूक बसवण्यासाठी सेकंद काटा बारावर आला असताना चावी ओढावी. ज्या घड्याळांत असे थांबवणे शक्य आहे तिथे तो तिथेच थांबेल. क्वार्ट्झमध्ये मिनिट काटा चार-पाच मिनिटे पुढे नेऊन मग मागे घेत नेमक्या मिनिटावर आणावा, म्हणजे दात्यांमधली सैल जागा भरून निघते. मोबाइलवर ते मिनिट भरले की चावी आत दाबावी.

सावधान: एवढी पाच मिनिटे सोडली तर काटे मागे फिरवू नयेत, आणि मध्यरात्र ओलांडून मागे तर मुळीच जाऊ नये.

वाराच्या खिडकीबाबत आणखी एक गैरसमज आहे. भारतात विकल्या गेलेल्या अनेक घड्याळांत वार इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच चकतीवर आळीपाळीने छापलेले असतात. वार लावताना हिंदी आले आणि इंग्रजी हवे असेल, तर चावी आणखी एक खट फिरवावी. रात्री बारानंतर काही तास खिडकीत दुसऱ्या भाषेतला वार दिसतो आणि पहाटेपर्यंत तो सरकून आपल्या भाषेवर येतो. चकतीला दोन घरे ओलांडायची असल्यामुळे असे होते. ते घड्याळजीकडे नेण्याचे कारण नाही.

साध्या तारखेची चकती नेहमी ३१ पर्यंत जाते. त्यामुळे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर, म्हणजे वर्षातून पाच वेळा, तारीख हाताने पुढे करावी लागते.

टप्पा ५: स्टॉपवॉचचे काटे

दोनच्या बाजूचे बटण सुरू आणि बंद करते. चारच्या बाजूचे बटण काटे शून्यावर आणते. क्रम सुरू, बंद, शून्य असाच ठेवावा. काटे धावत असताना चारचे बटण दाबू नये. काही खास घड्याळे त्यासाठीच बनवलेली असतात, पण आपले तसले आहे याची खात्री नसेल तर नाही असेच धरावे.

शून्यावर आणूनही मधला काटा बाराच्या थोडा बाजूला उभा राहत असेल, तर सेल बदलताना किंवा आपटल्यामुळे त्याची जागा सरकली आहे. पुष्कळ क्वार्ट्झ घड्याळांत चावी ओढून ठेवून बटण दाबत गेल्यास तो एकेक खूण पुढे सरकतो आणि बारावर आणता येतो.

टप्पा ६: दुसऱ्या देशाची वेळ

गोव्यात हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. कोणाचा मुलगा कुवेतला असतो, कोणाची बहीण लंडनला किंवा लिस्बनला, आणि तारवट्यांच्या घरी तर जहाजाच्या वेळेचा हिशेब रोजचाच. म्हणून जीएमटी घड्याळ, म्हणजे २४ तासांत एक फेरी मारणाऱ्या चौथ्या काट्याचे घड्याळ, इथे बरेच दिसते. पण भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि या अर्ध्या तासानेच सगळा गोंधळ होतो.

चौथा काटा लावताना तो पूर्ण तासांच्या उड्या घेतो. काही प्रकारांत चौथ्याऐवजी मुख्य तास काटाच उड्या घेतो; चावी पहिल्या टप्प्यावर ओढून कोणता हलतो ते पाहावे. दोन्ही प्रकारांत मिनिट काटा एकच असतो, त्यामुळे दोन ठिकाणांमधला फरक पूर्ण तासांचाच लागतो. दुबई आणि मस्कत आपल्या दीड तास मागे, तर कुवेत, कतार, बहरीन आणि सौदी अरेबिया अडीच तास मागे आहेत. यांपैकी एकही फरक चौथ्या काट्याने थेट दाखवता येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला तोंडी हिशेबाचा. दुबईसाठी चौथा काटा गोव्याच्या एक तास मागे ठेवावा आणि वाचताना त्यातून अर्धा तास वजा करावा. गोव्यात दुपारचे ३.१५ झाले असता तो काटा १४.१५ दाखवील, अर्धा तास वजा केला की दुबईचे १३.४५, म्हणजे पावणेदोन. दुसरा उपाय काचेभोवतीची कडी फिरत असेल आणि तिच्यावर २४ तासांचे आकडे असतील तरच चालतो. चौथा काटा गोव्याच्याच वेळेवर ठेवून कडी फिरवावी: पश्चिमेकडच्या, मागे असलेल्या ठिकाणासाठी काट्यांच्या दिशेने, पूर्वेकडच्या ठिकाणासाठी उलट. पूर्ण फेरीत ४८ खट घेणारी कडी अर्ध्या तासावर थांबते, म्हणून दुबईसाठी तीन खट पुरतात. फक्त २४ खट घेणारी कडी अर्ध्या तासावर थांबत नाही. माझ्या मते, भारतात राहून असे घड्याळ घेणाऱ्याने दुकानात आधी कडीचे खट मोजावेत, रंग नंतर पाहावा.

आखाती देशांत उन्हाळी वेळ नसते. लंडन आणि लिस्बनमध्ये मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. म्हणजे हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो. वर्षातून दोनदा काटा किंवा कडी हलवावी लागते.

एकाच घड्याळात दोन स्वतंत्र यंत्रे आणि दोन स्वतंत्र मिनिट काटे असतील, तर यातले काहीच करावे लागत नाही. कोणताही फरक थेट लावता येतो.

तपासणी: लावून झाल्यावर मोबाइलवर त्या शहराची वेळ काढून एकदा ताडून पाहावे.

टप्पा ७: चंद्राची खिडकी

आधी ती खरोखर चंद्राची कला दाखवते का ते तपासावे. काटे २४ तास पुढे फिरवल्यावर चकती पूर्ण फेरी मारून सूर्य आणि चंद्र दोन्ही दाखवत असेल, तर ती फक्त दिवस-रात्र दाखवणारी चकती आहे. स्वस्त घड्याळांत अशी चकती चंद्रकला म्हणून सर्रास खपवली जाते.

खरी चंद्रकला लावण्यासाठी पंचांगात मागच्या पौर्णिमेची तारीख पाहावी. घड्याळाचे काटे साडेसहाच्या सुमारास आणून चंद्र खिडकीच्या बरोबर मध्यभागी पूर्ण दिसेपर्यंत चकती फिरवावी आणि पौर्णिमेपासून आजपर्यंत जितके दिवस झाले तितके खट ती पुढे न्यावी. इथे तिथ्या मोजू नयेत. तीस तिथ्या सुमारे साडेएकोणतीस दिवसांत बसतात, एखादी तिथी क्षय पावते, एखादी वाढते. घड्याळाची चकती मात्र दिवस मोजते.

साध्या चकतीचा महिना २९.५ दिवसांचा असतो आणि खरा चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा, म्हणून अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात एका दिवसाचा फरक पडतो. तेव्हा एक खट दुरुस्ती करावी. आकाशाशी ताडताना फक्त उजळलेला भाग किती आहे ते पाहावे. गोवा विषुववृत्तापासून सुमारे १५ अंशांवरच असल्यामुळे संध्याकाळची कोर इथे आडवी, होडीसारखी दिसते. घड्याळातली कोर उभी असते.

टप्पा ८: कडेवरच्या पट्ट्या

पाण्यातल्या घड्याळाची ६० मिनिटांची कडी एकाच दिशेला, काट्यांच्या उलट, फिरते. त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणावा. बारासमोर किंवा तास काट्यासमोर नव्हे. नंतर मिनिट काटा कडीवरच्या ज्या आकड्यासमोर येईल तितकी मिनिटे झाली. ग्रँड आयलंडजवळ बुडी मारणाऱ्याच्या कडीला धक्का लागला तरी ती झालेला वेळ जास्तच दाखवील, कमी कधीच नाही. एकच दिशा ठेवण्यामागे हाच हेतू आहे. रायबंदरच्या फेरीबोटीची वाट पाहतानाही ही कडी चालते.

वेगाची पट्टी एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांवरून ताशी वेग सांगते, म्हणजे ३६०० ला सेकंदांनी भागून. ४५ सेकंद लागले तर ताशी ८० किलोमीटर. कदंबा बसच्या खिडकीत बसून महामार्ग ६६ वरच्या किलोमीटरच्या दगडांवर हे करून पाहता येते, पण पट्टी बहुधा ६० सेकंदांपर्यंतच चालते. बस संथ असेल तर अर्ध्या किलोमीटरला लागलेला वेळ घेऊन आलेला आकडा निम्मा करावा: ३६ सेकंदांना पट्टी १०० दाखवते, म्हणून वेग ५०. दुचाकी चालवताना हा प्रयोग करू नये.

नाडीच्या पट्टीवर ‘१५’ किंवा ‘३०’ असे लिहिलेले असते. तितके ठोके मोजून काटा थांबवला की मिनिटाचे ठोके समोर दिसतात. १५ च्या पट्टीवर ३० ठोके मोजले तर आकडा निम्मा येतो आणि घरात विनाकारण काळजी सुरू होते.

टप्पा ९: अंकांचा पडदा

पडद्याच्या घड्याळात आधी वर्ष लावावे, मग महिना, मग दिवस. वर्ष चुकले तर वार चुकतो आणि २९ फेब्रुवारीही. बारा तासांच्या मांडणीत कोपऱ्यात येणारे इंग्रजी ‘पी’ अक्षर दुपारनंतरची वेळ सांगते. पहाटे पाचचा गजर संध्याकाळी वाजण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. २४ तासांची मांडणी ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला एलसीडी पडदा काळा पडू शकतो. घड्याळ सावलीत थंड होऊ द्यावे, पडदा बहुधा पूर्ववत होतो. किनाऱ्यावर पोलराइज्ड गॉगल घालून पाहिल्यास एका ठरावीक कोनात तोच पडदा काळा दिसतो. मनगट थोडे फिरवावे. अंक सगळीकडेच फिके झाले असतील, तर मात्र सेल संपत आला आहे.

टप्पा १०: पाणी, वाफ आणि अंधार

तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतेच आहे, पोहण्यासाठी नाही. कोणत्याही घड्याळाची चावी किंवा बटणे पाण्यात वापरू नयेत. समुद्रातून आल्यावर चावी घट्ट बंद असल्याची खात्री करून घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे.

पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरली आणि टिकून राहिली, तर घड्याळ लगेच घड्याळजीकडे न्यावे. तांदळात पुरून किंवा गरम हवेने वाळवून तबकडीवरचे डाग थांबत नाहीत, आणि उष्णतेने रबरी कडे आणखी ढिले होते.

अंधारात चमकणाऱ्या खुणा आधी उजेडात ठेवाव्या लागतात. दिवसभर लांब बाहीखाली झाकलेले घड्याळ रात्री मंद दिसणारच. आजोबांच्या काळातल्या जुन्या घड्याळावर पिवळट-तपकिरी झालेला चमकीचा लेप असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. त्याचा प्रकाश केव्हाच विझलेला असला तरी किरणोत्सर्ग जात नाही. असे घड्याळ घरी उघडू नये, लेप खरवडू नये, आणि दुरुस्तीला देताना घड्याळजीला तसे आधीच सांगावे.